हत्ती आमचा नव्हता

आई त्या खेळाला ‘राज्य-राज्य’ म्हणायची. खेळाचं खरं नाव इंग्रजी होतं आणि ते तिला म्हणता येत नव्हतं असं नाही. पण तिच्या मते जिथे मुलगी तासन्‌तास बसून दुसऱ्याचे किल्ले घेते त्याला दुसरं काय म्हणायचं? “झालं का तुझं राज्य-राज्य? झालं असेल तर सांबार निवडून दे,” असा तिचा स्वैपाकघरातून आवाज यायचा. सांबार म्हणजे आमच्या विदर्भातली कोथिंबीर. जबलपूरला येऊन इतकी वर्षं झाली तरी भाजीवाल्याकडे ती ‘सांबार दो भैया’ म्हणून बसायची आणि तो बिचारा तिला दरवेळी डोसेवाल्याचा पत्ता सांगायचा.

आम्ही अधारतालला राहायचो, मुख्य रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, शुक्ला आंटींच्या घराच्या वरच्या मजल्यावर. बाबा बँकेत होते. नागपूरहून बदली होऊन आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलायची असा आईचा नियम होता, पण जिना उतरला की आम्ही भावंडं हिंदीत शिरायचो आणि जिना चढून वर येईपर्यंत अर्धं वाक्य हिंदीतच राहिलेलं असायचं. माझा भाऊ हेमंत, म्हणजे दादा, माझ्याहून मोठा. त्याचं मराठी तर कायम असं राहिलं की पुण्याचा मामा त्याला मुद्दाम फोनवर बोलता ठेवायचा आणि पलीकडे हसायचा. संध्याकाळी आंटींच्या अंगणात गोवऱ्यांवर गक्कड, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजले जायचे, वांग्याचं भरीत व्हायचं, त्याचा धूर आमच्या खिडकीतून थेट कंप्यूटरवर. आई कंप्यूटरला तिनेच विणलेलं लोकरीचं आच्छादन घालायची, मी ते काढायची, ती परत घालायची. वीज फार जायची. वीज गेली की टेबलाखालचा यूपीएस टीं टीं करून ओरडायला लागायचा आणि बाबा पेपरमधून मान न काढता म्हणायचे, “मिनू, तुझं बाळ रडून राहिलं.” आजही कुठे तसला आवाज ऐकला की माझा हात आधी काम सेव्ह करायला जातो.

खेळ दादाने आणला होता, कोणाकडून तरी कॉपी केलेली सीडी. मोठा नकाशा, त्यावर राज्यं, सैन्यं, व्यापार, तह. दादा भोपाळला इंजिनिअरिंगला गेला आणि खेळ माझ्या वाट्याला आला. मला लढायांत फार रस नव्हता. मला नकाशा आवडायचा. तो जवळ आणत आणत मी आमच्या भागावर यायची, आणि तिथे काहीच नसायचं. दिल्ली होती, दक्षिणेतली दोन-तीन राज्यं होती, मधे नुसता हिरवा डाग. त्या डागावर सैन्य नेलं तर ते नुसतं हळू चालायचं, बस. आणि मी तर अशा गावात राहत होते जिथे अर्धी नावं गोंडांच्या राणीवरून पडलेली. रानीताल तिचा, चेरीताल तिच्या दासीचा, आमचा अधारताल तिच्या दिवाणाचा. शाळेत असताना दरवर्षी आम्हाला मदनमहाल किल्ल्याच्या टेकडीवर नेऊन सांगायचे, ही राणी हत्तीवर बसून लढली. आणि या खेळात ती नाहीच! मला खरोखर राग आला होता. मी फोरमवर, म्हणजे त्या खेळाच्या शौकिनांच्या वेबसाइटवर, माझ्या तेव्हाच्या इंग्रजीत लिहिलं की तुमच्या नकाशात आमचं शहर नाही.

त्याला उत्तर आलं मार्टिनचं. मार्टिन युरोपातल्या कुठल्याशा थंड गावात इतिहास शिकवायचा आणि उरलेल्या वेळात, चार-सहा देशांतल्या लोकांना घेऊन, या खेळाचं एक प्रचंड मॉड बनवत होता. मॉड म्हणजे मूळ खेळावर शौकिनांनी घातलेली भर. ही बनवणारे पैसे घेत नाहीत, घ्यायची परवानगीही नसते. मार्टिनच्या मॉडमध्ये जगातली सुटून गेलेली राज्यं होती. त्याने मला एका ओळीत लिहिलं: “नाही ना? मग काढ.”

मी काढायला लागले. दादा सुट्टीत आला की मला स्कूटरवर मदनमहालला घेऊन जायचा. मी दगडांचे रंग वहीवर उतरवायची, कमानी मोजायची, आणि दादा तिथल्या प्रसिद्ध, दुसऱ्या दगडावर तोलून राहिलेल्या शिळेला टेकून भेळ खात बसायचा. “जल्दी कर बे, ऊन लागून राहिलं,” असं म्हणायचा, पण उठायचा नाही. घरी येऊन मी ते सगळं कंप्यूटरवर रंगवायची आणि मार्टिनला पाठवायची. किल्ला, तलाव, सैनिकांचे फेटे, हत्तीच्या पाठीवरची झूल. झुलीवर माझा जीव होता. पिवळी, लाल काठाची, कोपऱ्याला गोंडे.

आणि गंमत म्हणजे ही झूल मी कधी हत्तीवर पाहिलीच नव्हती. मार्टिनने मॉडची कच्ची प्रत पाठवली, ब्रॉडबँडवर ती उतरवायला अख्खा दिवस गेला, मी ती लावली आणि पडद्यावर एक करडी चौकट आली: या मॉडसाठी खेळाची दोन्ही अधिकृत एक्सपान्शन्स लागतील. एक्सपान्शन म्हणजे कंपनीने नंतर वेगळी विकलेली भर. आमच्याकडे नुसता मूळ खेळ, तोही कॉपी केलेला. मी चिडून मार्टिनला विचारलं, तुम्ही फुकट देता, मग आम्ही विकतचं काहून घ्यायचं?

आज मी कधीमधी अशा वेबसाइटवर डोकावते तेव्हा नवी पोरं हाच प्रश्न याच सुरात विचारताना दिसतात, आणि मला त्यांची माया येते. मार्टिनने मला जे सांगितलं ते मी अजून कोणाकडून इतकं सोपं ऐकलेलं नाही. तो म्हणाला, तू झूल काढलीस, हत्ती कोणी काढला? हत्तीचं शरीर, त्याचं चालणं, त्याचं चित्कारणं, बाण लागल्यावर त्याने उधळून आपल्याच सैन्याला तुडवणं, हे सगळं पहिल्या एक्सपान्शनमध्ये आहे. कंपनीच्या माणसांनी वर्षभर बसून केलेलं. जंगलात दबा धरणं दुसऱ्यात. आपलं मॉड नुसतं सांगतं, तो हत्ती बोलाव आणि त्यावर मृणालची, म्हणजे माझी, झूल घाल. ज्याच्या घरी हत्तीच नाही त्याच्याकडे झूल कशावर घालणार? बरं, हत्ती आपल्या पिशवीत घालून द्यावा, तर तो आपला नाही. कंपनी आपल्याला तिच्या अंगणात खेळू देते ती एवढ्याच अटीवर, की तिचं सामान उचलून वाटायचं नाही. नवीन हत्ती आपणच घडवायचा म्हटलं तर आपण सगळे म्हातारे होऊ.

मी हे आईला सांगितलं. ती गोळाभात, म्हणजे डाळीचे गोळे घातलेला भात, करत होती. ती म्हणाली, “बरोबरच आहे त्याचं. भातच नसंल तर गोळा काय ताटलीत कुस्करतं कोणी?” आणि तेवढ्यावर विषय संपला असं मला वाटलं. बाबांना मागायची माझी हिंमत नव्हती. ही एक्सपान्शन्स जबलपुरात मिळतही नव्हती. पण दिवाळीत पुण्याहून मामा भाऊबीजेला आला, आणि आईने ओवाळल्यावर त्याने ताटात साडीच्या पाकिटाऐवजी एक चौकोनी डबा ठेवला. त्यावर हत्तीचं चित्र, आत दोन्ही एक्सपान्शन्स. मी आईकडे बघतच राहिले. ती तबकातली वात सारखी करत म्हणाली, “साड्या काय, कपाट बंद होत नाही. मीच सांगितलं होतं त्याला फोनवर.” मामा म्हणाला, “दुकानदार मला विचारत होता, सर तुम्ही खेळता का? मी म्हटलं, बहीण खेळते.” आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

त्या संध्याकाळी माझी झूल पहिल्यांदा हत्तीवर चढली. तो हत्ती सोंड हलवत तलावाकाठाने चालला आणि झुलीचे गोंडे हलले. मी ते कितीदा पाहिलं ते मला सांगता येणार नाही. यूपीएस रडायला लागला तरी मी बसून होते.

मॉड बाहेर पडलं तेव्हा फोरमवर मोठा जल्लोष झाला. कुठल्या कुठल्या देशांतले लोक गोंडांचं राज्य घेऊन खेळायला लागले, राणीच्या नावाचे भलतेसलते उच्चार लिहायला लागले. पण जबलपुरात कोणालाच काही दाखवता येईना. सगळ्यांकडे कॉपी केलेला मूळ खेळ, एक्सपान्शन कोणाकडेच नाही, आणि आमच्या घरी पोरांची रांग लावायला आई तयार नव्हती. दादाला याचा माझ्याहून जास्त त्रास व्हायचा. सदर बाजारात त्याच्या मित्रांचा एक अड्डा होता, मंगोड्याच्या, म्हणजे मूगभज्यांच्या, गाडीपाशी. तिथे त्याने माझ्याबद्दल काय काय सांगितलं होतं देव जाणे. एकदा तो घरी आला तो तोंड पाडूनच. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, “काही नाही. ते म्हणून राहिले, तेरी बहन का गेम है तो चलता काहे नहीं?” मी हसून सोडून दिलं. त्याने सोडलं नव्हतं.

यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या आयुष्यात एक मजेशीर गोष्ट सुरू झाली. रस्त्यात पोरं मला ओळखायला लागली. कॉलेजच्या ऑटोत एक अनोळखी मुलगा म्हणाला, “आप रानीवाली दीदी हो ना?” अधारतालच्या स्टेशनरीवाल्याने पेन्सिली देताना विचारलं, मदनमहाल के पीछे से हमला करें तो जीतेंगे क्या? मला वाटलं, लोकांनी कुठून तरी एक्सपान्शन मिळवलं. खोटं कशाला बोलू, मला ते फार गोड वाटत होतं. मी आरशात बघून एकटीच हसायची.

मग मार्टिनचा निरोप आला. त्यात नेहमीची थट्टा नव्हती. मॉडचं पान बंद झालं होतं. कोणीतरी आमचं मॉड आणि कंपनीची दोन्ही एक्सपान्शन्स एकत्र बांधून एका मोठ्या साइटवर फुकट ठेवली होती. ती कंपनीच्या नजरेस आली आणि त्यांनी आमच्या पानावरच नोटीस धाडली. एवढ्या माणसांचं एवढ्या वर्षांचं काम एका सकाळी नाहीसं झालं. “त्या फोल्डरचं नाव ‘जबलपूर फुल व्हर्जन’ आहे,” मार्टिनने लिहिलं होतं. “आमच्यात जबलपूरची तू एकटी आहेस. मला सांग की हे तू केलेलं नाहीस.” खाली, जरा अंतर सोडून: “खरं काय ते कळेपर्यंत तुझा प्रवेश मला बंद करावा लागतोय. मला हे करायला आवडलेलं नाही.”

मी केलेलं नव्हतं आणि तसं लिहिलं. पण आमच्या गावाचं नाव तर होतं. दुसऱ्या दिवशी कॉलेजमधून परस्पर मी घमापूरला गेले. तिथे सोनू भैयाचं सायबर कॅफे होतं, बांगड्यांच्या दुकानाच्या वर, लाकडी जिना चढून. सगळी पोरं तिथेच जमायची. मी वर पाऊल टाकलं आणि प्रत्येक पडद्यावर माझा हत्ती चालत होता. पिवळी झूल, लाल काठ. खोलीभर चित्कार. सोनू भैया खुर्चीवरून उठलाच. “अरे दीदी आप! आइए, आइए. ए, दीदी के लिए जगह करो रे.” मी विचारलं, ही सीडी कुठून आली? तो एकदम खुशीत म्हणाला, “लो, आपको नहीं पता? हेमंत भैया ने ही तो बनाई है! यहीं बैठके. बोले, सबको दे दो, पैसा मत लेना किसी से.”

ऑटोत बसल्यावर माझ्या ध्यानात आलं. मामाने आणलेला डबा दादाने मागच्या खेपेला एका दुपारी बाहेर नेला होता, ‘मित्राला दाखवतो’ म्हणून, आणि परत आणून ठेवला होता. तेवढ्यात.

शनिवारी दादा आला. रविवारी आईने त्याच्यासाठी वडाभात केला होता. भाताच्या ढिगावर वडे कुस्करलेले, वरून लसणाची कढत फोडणी, तिचा चर्र आवाज आणि वास सगळ्या घरभर. मी ठरवलं होतं की जेवण होऊ द्यायचं. पण त्याने पहिला घास घेतला आणि डोळे मिचकावून विचारलं, “काय म्हणतात मग रानीवाली दीदी?” आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

“दादा, सोनू भैयाला सीडी तू दिली?”

“हो. काहून? चालून नाही राहिली?”

“मॉड बंद पडलं. कंपनीनं बंद केलं. मला काढून टाकलं त्यांनी.”

तो थांबला. “तुला काहून काढलं? तू काय केलं?”

“तू त्यात एक्सपान्शन टाकलं नं! कोणीतरी ते इंटरनेटवर ठेवलं, नाव काय तर जबलपूर फुल व्हर्जन.”

“पण तुमचं फुकटच आहे नं? मी पण फुकटच वाटलं. एक पैसा नाही घेतला कोणाकडून.”

“आमचं फुकट आहे. हत्ती फुकट नाही. हत्ती आपला नाहीच आहे, दादा.”

“अरे, एवढी मोठी कंपनी,” दादाचा आवाज चढला, “चार पोरांनी घमापुरात हत्ती पाहिला तर काय भिकेला लागून राहिली का ती? तू वर्ष-वर्ष बसून काढलं. डोळे लाल करून. आणि इथे कोणी पाहायचं नाही? लोक मला म्हणून राहिले तुझी बहीण थापा मारते. मी ऐकून घ्यायचं?”

“कंपनीला काही झालं नसेल. मार्टिनचं झालं नं. त्याच्याबरोबरच्या सगळ्यांचं झालं. त्यांनी काय केलं होतं?”

दादा ताटातला वडा नुसता कुस्करत राहिला. आईने फोडणीची वाटी हातात तशीच धरली होती. मला वाटलं ती आता माझी बाजू घेईल किंवा त्याची. तिने कोणाचीच घेतली नाही. बाबांनी पाण्याचा घोट घेतला आणि मला विचारलं, “त्या माणसाला तू भेटली आहेस कधी?”

“नाही.”

“तरी त्यानं इतकं काम तुझ्या हाती दिलं होतं.”

“हो.”

“मग जेवून घ्या आणि आधी त्याला लिहा. घरातलं भांडण मागाहून करता येते, ते कुठे जात नाही.”

दादाने स्वतः लिहिलं. मी म्हटलं मी इंग्रजी नीट करून देते, तर त्याने मला खुर्चीजवळ येऊ दिलं नाही. दुपारभर तो दोन बोटांनी टकटक करत बसला होता, खोडत होता, परत लिहीत होता. आई मधे एकदा येऊन त्याच्या मानेवरचा घाम पदराने पुसून गेली, तेव्हाही तो वळला नाही. त्याने काय लिहिलं ते मला पुष्कळ दिवसांनी कळलं. नाव, गाव, कॉलेज, सगळं खरं लिहिलं होतं, आणि असं की हे मी केलं, माझ्या बहिणीला ठाऊक नव्हतं, शिक्षा करायची तर मला करा, तिला परत घ्या.

त्या रविवारी तो भोपाळला परतला नाही. सोमवारी मला म्हणाला, “चल, बस मागे.” आणि आम्ही स्कूटरवर सीड्या गोळा करत फिरलो. आज आठवलं की हसू येतं. एकदा इंटरनेटवर गेलेली गोष्ट दोन भावंडं बजाजच्या स्कूटरवरून परत आणायला निघाली होती. पण तेव्हा आम्ही अगदी गंभीर होतो. सदरला एका फौजी क्वार्टरमध्ये दोघा भावांनी आम्हाला चहा पाजला आणि सीडी मात्र दिली नाही, धाकटा म्हणाला, “भैया, अभी तो रानी का बेटा बड़ा हुआ है, अभी कैसे दे दें?” मंगोड्याच्या गाडीपाशी दादाचे मित्र हसले. दादाने त्यांना समजावलं नाही, भांडलाही नाही. हात पुढे करून उभा राहिला. तो तसा उभा राहिलेला मी कधी पाहिला नव्हता. शेवटी एकाने सीडी काढून त्याच्या हातावर ठेवली आणि बाकीच्यांनीही ठेवल्या. घमापूरला सोनू भैयाने आमच्यादेखत एकेका कंप्यूटरवरून तो खेळ पुसला. चित्कार एकेक करून बंद होत गेले. “दीदी,” तो म्हणाला, “पंद्रह दिन से मेरी दुकान में गाली-गलौज नहीं हुई थी. सब रानी में लगे थे.”

मार्टिनचं उत्तर यायला वेळ लागला. दरम्यान थंडी पडली, बाजारात ओले मटार आले, आई दाणे सोलायला बसवायची आणि मी सोलता सोलता कंप्यूटरकडे बघायची. घरात दादाचं नाव निघायचं ते जरा हळू आवाजात. तो फोनवर फक्त बाबांशी बोलायचा आणि शेवटी विचारायचा, “त्याचं काही आलं?” काही आलं नव्हतं.

आणि मग आलं. दादाच्या नावे वेगळं, माझ्या नावे वेगळं. मला त्याने लिहिलं होतं की कंपनीशी पुष्कळ पत्रापत्री झाली, त्या दुसऱ्या साइटवरची बांधलेली प्रत निघाली, पान परत उघडतंय. अट एवढीच की सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, दोन्ही अधिकृत एक्सपान्शन्स असल्याशिवाय हे चालणार नाही असं असावं, आणि का ते साध्या भाषेत सांगितलेलं असावं. “ते तूच लिही. हा प्रश्न तू जितक्या रागाने विचारला होतास तितक्या रागाने कोणी विचारला नव्हता.” मी लिहिलं. इंग्रजीत, आणि खाली हिंदीत, आणि कोणी वाचणार नाही हे ठाऊक असूनही त्याखाली मराठीत. ते पुढे कितीतरी वर्षं तसंच होतं. मार्टिन आता नाही. त्याची माझी भेट कधी झाली नाही. त्याच्या गावी एकदा जावं असं मनात होतं, आणि आता गेले तर कोणाकडे जाऊ.

दादाला त्याने लिहिलेलं दादाने मला फोनवर वाचून दाखवलं. बरेच दिवस मी रागात होतो, मार्टिन म्हणत होता. माझ्याबरोबरचे काही जण अजून रागात आहेत आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. पण मलाही एक भाऊ आहे. मी काय करतो हे त्याने आजवर विचारलेलं नाही. माझ्यासाठी कोणी कधी हत्ती चोरला नाही.

दादाचं वाचून झालं. मागे हॉस्टेलच्या मेसमधल्या ताटांचा खणखणाट ऐकू येत होता. मग तो म्हणाला, “चलो, ठेवतो. बिल वाढून राहिलं.”

सोनू भैयाने इंदूरच्या एका ओळखीच्या माणसाकडून खरा डबा मागवला आणि एका कंप्यूटरवर तो रीतसर लावला. त्या कंप्यूटरवर रांग लागायची. लोक उभं राहून दुसऱ्याचा खेळ बघायचे, सल्ले द्यायचे, आणि राणी हरली की सगळी खोली हळहळायची. फोरमवरच्या काहीजणांनी मला पुढे कधीच पूर्वीसारखं बोलावलं नाही. ते मला लागलं होतं, आणि त्याला इलाजही नव्हता. मी चित्रं काढत राहिले, पुढे तोच पोटापाण्याचा उद्योग झाला.

दादा घरी आला तो संक्रांतीला. दुपारची वेळ होती, आई तिळाचा पाक बघत होती, गच्चीवर शुक्ला आंटींची पोरं पतंगावरून भांडत होती. मी कंप्यूटरवर काहीतरी रंगवत बसले होते. तो मागे येऊन उभा राहिला. जरा वेळाने म्हणाला, “मिनू, दाखव नं.”

“काय?”

“ते तुझं. राणीचं.”

“तू पाहिलं नाहीस?”

“मी कुठे धड पाहिलं? हॉस्टेलात माझ्याजवळ कंप्यूटर आहे का? सोनूकडे बसून नुसतं पॅक केलं आणि वाटलं.”

सगळ्या गावाने पाहावं म्हणून ज्याने एवढं केलं त्याने ते धड पाहिलंच नव्हतं! मी उठले आणि त्याला खुर्ची दिली. तो बसला, माउस हातात घेतला. खेळ सुरू झाला तेव्हा पूर्वेला शत्रूची छावणी पडलेली होती, नाल्यापाशी, जिथे राणीची शेवटची लढाई व्हायची. मी म्हटलं, सैन्य तिकडे ने, वेळ कमी असतो. त्याने मान हलवली आणि हत्ती उलट्या दिशेला वळवला. आधी मदनमहाल. किल्ल्याभोवती एक पूर्ण चक्कर. “ही कमान ती डावीकडली नं? जिथे तू माझी बाटली सांडली?” मग रानीतालाच्या काठाने, मग चेरीताल. अधारतालला आल्यावर त्याने हत्ती थांबवला आणि विचारलं, “आपलं घर कुठे आलं असतं?” मी बोट ठेवून दाखवलं. तो पडद्याच्या अगदी जवळ गेला, डोळे बारीक करून.

“मिनू, ही राणी आईसारखी काहून बसली आहे?”

“आई बाबांच्या स्कूटरवर तशीच बसते. काही न धरता.”

“ए आई!” तो ओरडला. “तू हत्तीवर आहेस!”

“गूळ जळतो माझा,” आई स्वैपाकघरातून म्हणाली. पण झारा हातात घेऊन ती आलीच, आमच्या दोघांच्या मधे वाकून पाहू लागली, आणि म्हणाली, “जरा नर्मदेकडे ने बरं त्याला. ऊन आहे, पाणी पाज.”

पूर्वेकडून नगाऱ्यांचा आवाज येत होता. शत्रूचं सैन्य नाला ओलांडून निघालं होतं. दादाने आवाज कमी केला आणि हत्ती नर्मदेवरच्या ग्वारीघाटाच्या रस्त्याला लावला. त्या दुपारी राणी लढाईला गेलीच नाही.